बांधावरचं दातवण : हिरड्यांच्या औषधाचा जुना इतिहास आणि आजचा हिशेब



कपाशीवरच्या रस शोषणाऱ्या किडींसाठी निंबोळी अर्क कसा करावा, हे दाखवायला आम्ही मागे घाटंजी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, साबणाचं पाणी घालून एकूण शंभर लिटर द्रावण करायचं, असा सगळा पाठ झाला. मंडळी उठायला लागली तेव्हा एक वयस्कर कास्तकार म्हणाले, "साहेब, निंब किडीले मारते हे तुमी सांगतलं. पण माह्या हिरड्यातून रगत येते, तेले निंबाची काडी चालते का नाही? पोरगं म्हणते हळद लावा, घरची म्हणते मिश्री घासा, दवाखान्यात म्हणते दात साफ करून घ्या. खरं कोणाचं?"

हा प्रश्न शेतीचा नाही, असं म्हणून आम्हाला तो टाळता आला असता. पण निंब, खैर, मोह, करंज, हिरडा, हळद ही सगळी आपल्याच शिवारातली आणि रानातली. शिवाय ज्याचे दात पन्नाशीच्या आत पडले, त्याला ज्वारीची भाकरी चुरून, भिजवून खावी लागते, हरभरा-शेंगदाणा सुटतो, आणि अंगातली ताकद जाते ती जातेच. म्हणून या वेळच्या पत्रकात या प्रश्नाचं उत्तर जरा मुळापासून, म्हणजे इतिहासापासून देत आहोत.

चार झाडं, आणि चारही आपल्या जिल्ह्यातली

सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेवरचा आपला जुना ग्रंथ. त्याचं आजचं रूप दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं मानतात. त्यात रोज सकाळच्या दातवणाचा नियम दिला आहे. काडी बारा बोटं लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, ताजी, बिनगाठीची. झाडं कोणती, तर चवीप्रमाणे चार निवडली आहेत. कडू झाडांत निंब उत्तम, तुरट झाडांत खैर, गोड झाडांत मोह आणि तिखट झाडांत करंज.

आता आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. निंब प्रत्येक गावाच्या पारावर आणि बांधावर आहे. करंज नाल्याकाठी आणि सडकेच्या कडेला आहे. खैर आणि मोह पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगावच्या रानात आहेत. म्हणजे ग्रंथातली चारही श्रेष्ठ झाडं यवतमाळच्या माणसाला घरापासून कोस-दोन कोसांत सापडतात. हा ग्रंथ ज्यांनी कधी पाहिला नाही त्या कोलाम, गोंड, आंध आणि कुणबी म्हाताऱ्यांना दातवण माहीत आहेच. ते आज्याकडून नातवाकडे आलेलं आहे.

पण याच ग्रंथातल्या तीन गोष्टी आपण विसरलो, आणि घोळ तिथेच झाला.

पहिली गोष्ट : काडीचा कुंचा मऊ करून एकेक दात घासा, पण हिरडीला इजा होऊ देऊ नका, असं सुश्रुत बजावतो. जोर लावणं म्हणजे साफ करणं नव्हे.

दुसरी गोष्ट : तोंड आलं असेल, ओठ, जीभ, टाळू किंवा घशाचा विकार असेल, तर काडी चावूच नये, असं त्यानं स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे काडी ही निरोगी तोंडाची रोजची सफाई. दुखऱ्या तोंडाचं औषध म्हणून ती सांगितलेलीच नाही. तोंडाचे पासष्ट रोग त्यानं मोजले आणि त्यांतले पंधरा फक्त हिरडीचे, म्हणजे दाताच्या मुळाशी होणारे. हिरडी मऊ पडून रक्त येतं त्या रोगाला त्यानं 'शीताद' म्हटलं. त्यावर दूषित रक्त काढून टाकून मग सुंठ, मोहरी, त्रिफळा यांच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दातावर खडीसारखं कठीण किटण जमलं, तर ते वैद्यानं हत्यारानं काढावं आणि काढताना दाताच्या मुळाला धक्का लागू देऊ नये, असा आदेश त्यात आहे. आज दवाखान्यात दात साफ करतात ती हीच क्रिया. गावोगाव आम्ही ऐकतो की "डॉक्टरनं दात साफ केले का ते हालाले लागते, तो इंग्रजी उपाय हाय." बंधूंनो, हा उपाय इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधीचा, आपल्याच ग्रंथातला आहे.

थोडक्यात, जुन्या लोकांनी तीन कामं वेगळी ठेवली होती. काडी रोजच्या सफाईसाठी, काढा सुजेसाठी आणि हत्यार कठीण किटणासाठी. आपण तिन्ही कामं एकट्या काडीच्या माथी मारली.

एका परदेशी प्रवाशाची साक्ष

ही केवळ पोथीतली गोष्ट होती का? नाही. इत्सिंग नावाचा चिनी बौद्ध भिक्षू इ. स. ६७१ मध्ये आपल्या देशातून निघाला आणि समुद्रमार्गे भारतात आला. नालंदा विहारात तो बरीच वर्षं राहिला. परत जाताना त्यानं भारतातल्या भिक्षूंच्या राहणीचा वृत्तांत लिहिला. त्यात दातवणावर स्वतंत्र प्रकरण आहे. रोज सकाळी काडी चावायची. लांबी जास्तीत जास्त बारा बोटं, कमीत कमी आठ बोटं. जाडी करंगळीएवढी. एक टोक चावून मऊ करायचं आणि त्यानं दात घासायचे, मग काडी वाकवून जीभ खरवडायची, चूळ भरायची, काडी धुऊन फेकायची. पाहा, माप आणि पद्धत तीच. इतक्या दूरचा माणूस आपली सकाळची सवय टिपून घेऊन गेला.

हिरडी मुळात सुजते का?

"गरम पदार्थ खाल्ले, उष्णता झाली" असं आपण म्हणतो. खरं कारण दिसायला भिंग लागलं. हॉलंडमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याला भिंगं घासायचा नाद होता. त्यानं १६८३ साली आपल्याच दातांमधला पांढरा मळ भिंगाखाली धरला, तर त्यात वळवळणारे अतिसूक्ष्म जीव दिसले. पण या जीवांचा आणि हिरडीच्या सुजेचा संबंध नेमका दाखवायला पुढे पावणेतीनशे वर्षं गेली.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या दंतवैद्यानं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांची बारा माणसं घेतली आणि त्यांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केली, तशा साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध काही दिलं नव्हतं. मळ साचला की सूज येते आणि मळ गेला की सूज जाते, एवढा तो धडा.

याच माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी दुसरं काम केलं ते आपल्यासारख्या राबणाऱ्या माणसांवर. श्रीलंकेच्या चहामळ्यातले ४८० पुरुष मजूर, जे दात घासत नसत, त्यांना १९७० पासून पंधरा वर्षं वेळोवेळी तपासलं. शंभरातल्या आठ जणांचा रोग झपाट्यानं वाढला आणि त्यांचे चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत जवळपास सगळे दात गेले. एक्याऐंशी जणांचा रोग मध्यम गतीनं वाढला. उरलेल्या अकरा जणांचं प्रकरण हिरडीच्या वरवरच्या सुजेपलीकडे गेलं नाही. म्हणून गावात एखादा म्हातारा सांगतो, "मी जन्मात दात घासले नाहीत, तरी ऊस खातो," तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो त्या अकरांतला असतो. पण आपण त्या अकरांत आहोत की आठांत, हे आधी कुणाला कळतं? एका शेतकऱ्याला खताविना पीक आलं म्हणून सगळा गाव खत टाकणं सोडत नाही.

रोग वाढतो कसा, तेही समजून घ्या. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात मळ बसतो. लाळेतल्या क्षारांनी तो कडक होऊन किटण होतं. अंगातली संरक्षक यंत्रणा त्या जंतूंशी लढते. त्या लढाईचीच सूज, लाली आणि रक्त. लढाई महिनोन् महिने चालली की आपलंच हाड झिजायला लागतं. बांधाची माती धुपली की कडेचं झाड जसं हलतं, तसा दात हलतो. धुपलेली माती परत येत नाही, आणि हाडाचंही तसंच आहे.

झाडात असतं तरी काय?

आता काडी आणि काढा यांच्या रसात काय आहे ते पाहू. गेल्या दोनशे वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी ही घटकद्रव्यं वेगळी काढली.

निंब : १९४२ साली सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञानं निंबाच्या तेलातून कडू द्रव्यं वेगळी केली. निंबिन, निंबिनिन, निंबिडिन ही त्यांची नावं. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत निंबिडिननं सूज कमी झालेली दिसली. किडीचं खाणं सोडवणारं ॲझाडिरॅक्टिन हे निंबातलं दुसरं द्रव्य १९६८ साली हाती लागलं. आपल्या निंबोळी अर्काचा जीव त्यात आहे. म्हणजे किडीसाठी आणि हिरडीसाठी झाड एक, पण काम करणारी द्रव्यं वेगवेगळी. म्हणून फवारणीचं निंबतेल तोंडात घालू नये, हे आलंच.

खैर आणि बाभूळ : यांच्यात तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन भरपूर. बाभळीच्या सालीनं चामडं कमावतात हे आपण पाहिलं आहे. साल कातड्याला आवळते, घट्ट करते. तोच गुण हिरडीवर सौम्यपणे चालतो. सुजलेला भाग आवळतो आणि वरवरचं रक्त थांबतं. खैराच्या गाभ्यापासून काथ करतात. कोकणातल्या कातकरी लोकांचं नावच काथ करण्यावरून आलं. परदेशी व्यापारी काथाला 'कॅटेचू' म्हणत, आणि शास्त्रज्ञांना त्यात सापडलेल्या द्रव्याला 'कॅटेचिन' नाव पडलं. आज चहाच्या गुणांची चर्चा होते तेव्हा हेच कॅटेचिन जगभर बोललं जातं. त्या नावाचं मूळ खैराच्या झाडात आहे.

हिरडा, बेहडा, आवळा : त्रिफळ्याची ही तीन फळं. हिरड्यात तर टॅनिन इतकं की चामडं कमावायला तो परदेशी जात असे.

हळद : हिचं पिवळं द्रव्य कुर्कुमिन. १८१५ साली ते प्रथम वेगळं केलं आणि १९१० साली पोलंडच्या शास्त्रज्ञांनी त्याची रचना ठरवली. सूज उतरवण्याचा गुण त्यात आहे हे प्रयोगशाळेत पुष्कळदा दिसलं. पण एक अडचण आहे. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडं जातं. म्हणून हिरडीसाठी हळद उपयोगी पडायची तर ती हिरडीला लागली पाहिजे. पोटात घेतलेल्या चिमूटभर हळदीनं हिरडी सुधारेल अशी आशा धरू नये.

लवंग : हिच्यातलं युजेनॉल ठणका बधिर करतं. दंतवैद्य गेली शंभराहून अधिक वर्षं जस्ताच्या भुकटीत लवंगेचा अर्क मिसळून दाताचं भरण करत आले आहेत. पण नुसतं लवंगतेल हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते. शिवाय ठणका थांबला म्हणजे रोग गेला असं होत नाही.

या द्रव्यांची माणसांवर परीक्षा झाली का? झाली. गेल्या काही दशकांत निंब, हळद, त्रिफळा यांच्या चुळा आणि लेप यांच्या चाचण्या दंत महाविद्यालयांत झाल्या. तुलनेला बहुधा क्लोरहेक्सिडीन हे दवाखान्यातलं जंतुनाशक चूळ-औषध घेतलं. ते जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. काही चाचण्यांत झाडपाल्यानं सूज आणि रक्त कमी करण्यात त्याच्या जवळपास काम केलं. पण या चाचण्या बऱ्याचशा लहान आणि थोड्या आठवड्यांच्या होत्या. आणि मुख्य मुद्दा असा की, त्यांतल्या अनेक चाचण्यांत आधी किटण काढलं होतं आणि रोजचं घासणं चालू होतं. तण काढलेल्या वावरात खत टाकलं, त्यातला हा प्रकार. तणातच खत टाकलं तर काय वाढतं, हे तुम्हाला सांगायला नको.

काडी सुटली, डबी आली

आपल्या आज्यांच्या काळी काडीबरोबर गोवरीची राखुंडी होती, कोळसा होता, मीठ होतं. राखुंडीनं दात पांढरे दिसत, पण खरखरीत घासण्यानं दाताचं कवच झिजे. मग पेठेतून काळं दंतमंजन आलं. १९३७ साली कोलगेट भारतात आली. १९५२ साली नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव पेंढरकर यांनी वनस्पतींचं दंतमंजन बाजारात आणलं, ते विको वज्रदंती. 'वज्रदंती' हे पिवळ्या कोरांटीचं जुनं नाव. आपल्याच रानातली पाळंमुळं आणि साली डबीत भरून आपल्याकडे परत आल्या, असा तो काळ होता.

यात वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते दुसऱ्याच डबीनं. दात घासायच्या निमित्तानं तंबाखू घरात शिरली. भाजलेल्या तंबाखूची मिश्री, कुठे गुडाखू, कुठे तपकीर. आमच्या भगिनी निंदणाला, कापूस वेचायला जाताना मिश्री लावतात आणि म्हणतात, "हिरडी मोकळी वाटते, ठणका थांबते." ठणका थांबतो, तो तंबाखूच्या गुंगीनं. रोग आत चालूच राहतो. तंबाखूच्या सवयीत, विशेषतः बिडीत, हिरडीचं रक्त कमी दिसतं, म्हणून माणूस बेसावध राहतो. धोक्याची सूचनाच बंद पडते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली आणि १९७२ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी उमटणारे पांढरे चट्टे यांचा संबंध तंबाखूच्या सवयींशी आहे, हे त्यात दिसून आलं. पुढे १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री आणि पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा यांना कायद्यानं आवर बसलेला नाही. खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि वर सुपारी. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली दिला. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते आणि शेवटी तोंडात दोन बोटं जात नाहीत. बांधावरची काडी फुकट होती. ती सोडून आपण विकतचा रोग घेतला, हा या इतिहासातला सगळ्यात महाग सौदा.

हळदीचा खटला

आता एक अभिमानाची गोष्ट सांगतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यावर पेटंट मिळालं. म्हणजे आपली आई कापलेल्या बोटावर हळद दाबते, तो अमेरिकेत नवा शोध ठरला! तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. परिषदेनं १९९६ साली त्या पेटंटाला आव्हान दिलं. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय मासिकातल्या लेखापर्यंत बत्तीस लेखी पुरावे दिले. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं ते दावे फेटाळले.

निंबाचंही तसंच झालं. निंबतेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात दिलेलं पेटंट मे २००० मध्ये रद्द झालं आणि मार्च २००५ मध्ये त्यावर शेवटची मोहर उमटली. त्या लढ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर १९८५-८६ साली घेतलेल्या चाचण्यांचा पुरावा कामी आला. शेतकऱ्याच्या वावरातली नोंद थेट युरोपात पोचली.

या दोन्ही खटल्यांतून शिकायच्या गोष्टी दोन. एक, माहिती लिहून ठेवली तर ती आपली राहते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कोणत्या झाडाची साल कशाला वापरतात हे मुलांच्या वहीत टिपून घ्या. दोन, खटला जिंकलो याचा अर्थ हळदीनं सगळं बरं होतं असा नाही. वापर जुना आहे एवढं तिथे सिद्ध झालं. किती, केव्हा आणि कशावर, हे चाचणीनंच ठरतं.

हळद तर आपलीच आहे. उमरखेड, महागाव, पुसदकडे तिचं पीक आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. घरच्यासाठी दोन वाफे हळद लावली, उकडून-वाळवून दळली, तर भेसळीची भीती नाही. बाजारात गडद पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळलेली हळद सापडलेली आहे, आणि शिसं हे विष आहे.

मग खरं कोणाचं?

त्या कास्तकार बाबांना आम्ही सांगितलं ते असं. "बाबा, काडी खरी, पण ती निरोगी हिरडीसाठी. काढा खरा, पण तो सूज उतरवायला मदतीपुरता. दवाखान्यातलं खरं, कारण किटणाला हत्यारच लागते. आणि मिश्री मात्र खोटी." बाबा हसले, म्हणाले, "तीन खरे अन् एक खोटं. म्हंजे घरचीचंच खोटं निघालं!" पण ते यवतमाळला जाऊन दात साफ करून आले. पहिले दोन दिवस दात शिवशिवले. किटणाखाली झाकलेली मुळं उघडी पडली की असं होतं. दात हलायला लागलेत असं त्यांना वाटलं. खरं तर ते आधीच हलत होते, किटणानं त्यांना धरून ठेवलं होतं एवढंच. पंधरा दिवसांनी रक्त थांबलं. घरचीनं मिश्रीची डबी टाकली का, ते मात्र बाबांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण ती डबी धाकानं सुटत नाही, समजुतीनंच सुटते.

लक्षात ठेवा

१. रोज दोन वेळा दात घासा. ब्रश असेल तर उत्तम, कारण आतल्या बाजूला आणि दाढांच्या मागे तो पोचतो. काडी वापरत असाल तर निंब, बाभूळ किंवा करंजाची ताजी घ्या, कुंचा नीट मऊ करा, दाताच्या आतल्या अंगालाही फिरवा आणि हिरडीवर जोर देऊ नका. कुसळ हिरडीत घुसलं तर तिथेच पू होतो.

२. ज्या बांधावर किंवा वावरात फवारणी झाली, तिथल्या झाडाची काडी तोडू नका. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. फवारणीच्या हातानं खर्रा घोटणं म्हणजे विष तळहातावरून तोंडात घालणं.

३. जुन्या ग्रंथातलं सगळंच जसंच्या तसं करू नका. चरकसंहितेतल्या दातवणाच्या यादीत कण्हेर आणि रुईसुद्धा आहेत. कण्हेर हृदयावर विषारी आहे आणि रुईचा चीक तोंड-डोळे भाजतो. ही दोन्ही झाडं तोंडात घालायची नाहीत.

४. हिरडी सुजली असेल तर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. किंवा चमचाभर त्रिफळा चूर्ण पेलाभर पाण्यात उकळून अर्धं उरवा, गाळा, कोमट झाल्यावर चुळा भरून थुंका. घासणं मात्र बंद करू नका. मऊ ब्रशनं हलक्या हातानं चालू ठेवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर काढ्यावर दिवस घालवू नका.

५. रक्त थांबत नाही, पू येतो, दात हलतो, तोंडाला वास येतो, किंवा गालात-जिभेवर पांढरा-लाल चट्टा वा न भरणारी जखम आहे, तर तडक दवाखाना गाठा. तपासणी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात करून घ्या.

६. मधुमेह असलेल्यांनी हिरडीकडे दुप्पट लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरडीचा रोग वाढतो, आणि हिरडीचा रोग वाढला की साखर आटोक्यात राहत नाही.

७. मिश्री, गुडाखू, खर्रा, बिडी यांतलं काहीही दाताचं औषध नाही.

बंधू-भगिनींनो, बांधावरचा निंब तोडू नका. त्याच्या निंबोळ्या कपाशीला, सावली बैलाला आणि काडी तुम्हाला. पण काडीनं जे होत नाही ते काडीकडून मागू नका. आपल्या जुन्या वैद्यांनीही ते मागितलं नव्हतं.